करिअर सरांचं नमुना उत्तर

मुलाखत कशी द्यावी हे मी शाळेत बरीच वर्षं शिकवतो आहे. स्वतः शेवटची मुलाखत दिली तेव्हा मला भांग पाडण्याइतके केस होते. तीही मुलाखत म्हणण्यासारखी नव्हतीच. शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता, मी गणित घेऊन पदवीधर झालो होतो आणि दुसरा उमेदवार आलाच नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की मला गणितापेक्षा सल्ले द्यायला जास्त आवडतात. त्याच सुमारास शाळेच्याही लक्षात आलं की माझ्याकडून गणित काढून घेतलेलं बरं. असा मी करिअर मार्गदर्शक झालो. मुलांना मी सांगतो, करिअर नीट विचार करून निवडा.

आमची शाळा जरा वेगळी आहे. वरच्या वर्गांतली मुलं बुधवारी शाळेत येत नाहीत, सेवेला जातात. कोणी इस्पितळात, कोणी वृद्धाश्रमात, कोणी वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवायला, कोणी भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात. त्यांच्याबरोबर एक शिक्षिका हिंडतात, त्यांना सगळे सेवाबाई म्हणतात. बाकीच्या दिवशी नेहमीचे विषय आणि मधेमधे माझे तास: अर्ज कसा लिहावा, स्वतःची ओळख कशी करून द्यावी, मुलाखतीत पाय का हलवू नयेत. कल्पना अशी की मुलांनी माणसांत जाऊन काम करावं, त्यातून आपल्याला काय जमतं ते त्यांना उमगावं आणि मग माझ्याकडे येऊन पुढची वाट ठरवावी. प्रत्यक्षात मुलं बुधवारी काम करायची आणि गुरुवारी मी त्यांना त्या कामाचं वर्णन कसं करायचं ते सांगायचो. कुत्र्यांना आंघोळ घालण्याचं मी 'आव्हानात्मक परिस्थितीत संघभावनेने काम' करून दिलं होतं. कुत्र्याने चावा घेतला असेल तर 'संघर्ष व्यवस्थापन'.

माझी खोली जिन्याखाली आहे. एका बाजूला छत इतकं उतरतं की उंच मुलाला तिथे बसूनच भविष्याचा विचार करावा लागतो. भिंतींवर माझ्या हस्ताक्षरातली वाक्यं लावलेली आहेत: आत्मविश्वास कसा दाखवावा, हसावं किती, थांबावं कुठे. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसते. मला ती खोली फार आवडते. घरी नसेन इतका मी तिथे सुखात असतो, आणि हे बायकोलाही माहीत आहे.

तर एके दिवशी मुख्याध्यापिकांनी मला आणि सेवाबाईंना एकत्र बोलावलं. संस्थेने सेवा आणि करिअर हे दोन विभाग एक करायचं ठरवलं होतं. प्रमुख एकच असणार, त्यासाठी मुलाखती होणार, आणि ज्याची निवड होणार नाही त्याला शाळेत योग्य ठिकाणी सामावून घेणार. माझ्या बाबतीत योग्य ठिकाण म्हणजे काय, असं मी जाता जाता सहज विचारल्यासारखं विचारलं. नववीचं गणित, असं त्यांनीही सहज सांगितल्यासारखं सांगितलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नववीतल्या मुलांना मी एकवेळ तोंड दिलं असतं, पण त्यांच्या गणिताला देणं या वयात शक्य नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या शाळेत कुठल्याही शिक्षकाची निवड करताना समितीत दोन विद्यार्थी बसतात. त्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात आणि त्यांच्या मताला मोठ्यांच्या मताइतकीच किंमत असते. मुलाखत द्यायला शिकायचं तर एकदा पलीकडच्या खुर्चीतही बसलं पाहिजे, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना कुणाची, हे मी दरवर्षी दुसऱ्या शाळांमधून आलेल्या पाहुण्यांना, त्यांनी विचारलं नसलं तरी, सांगतो. माझी. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतील, पण त्यासाठी समिती नेमणारा मीच.

चिठ्ठ्यांत दोन नावं निघाली. एक वकील. हा बारावीतला मुलगा, आडनावाने वकील नाही, स्वभावाने आहे. मधल्या सुट्टीची घंटा उशिरा झाली तर तो नुकसानभरपाई मागतो. दुसरी म्यूट. तिलाही हे नाव मुलांनीच दिलं होतं. ती बोलत नाही असं नाही, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ती इतका वेळ घेते की समोरच्याला वाटावं, रेंज गेली. ती माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड केस होती. पुढच्या महिन्यात तिची नर्सिंग कॉलेजची मुलाखत होती आणि तिच्यासाठी मी सगळी उत्तरं लिहून, घोटून घेऊन तयार ठेवली होती. तिने फक्त तोंड उघडायचं बाकी होतं.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. माझ्या सासूबाई आमच्याकडेच राहतात आणि मला अहोजाहो करतात, पण अशा सुरात की त्यापेक्षा अरेतुरे परवडलं. माझं काम नक्की काय आहे हे त्यांना अजून पटलेलं नाही.

"म्हणजे जावईबापू, नोकरी कशी मिळवायची ते तुम्ही पोरांना शिकवता," त्या म्हणाल्या, "आणि आता तुमचीच चाललीय."

मी म्हटलं की चाललेली नाही, पुनर्रचना होते आहे. यावर त्यांनी, आमच्या ह्यांच्या कारखान्यातही आधी पुनर्रचनाच झाली होती, एवढं सांगून टीव्हीचा आवाज वाढवला.

बायकोने माझी सराव मुलाखत घेतली. प्रश्न माझ्याच छापील कागदावरचे होते. तुमचं बलस्थान कोणतं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, वगैरे. मी ताठ बसून, योग्य तिथे थांबून, बेताचं हसून उत्तरं दिली. तिने एका उशीच्या अभ्र्याची घडी घालून बाजूला ठेवली.

"हे तू बोलतोयस की तुझी भिंत?" तिने विचारलं.

मी तिला चांगल्या उत्तराचं तंत्र समजावून सांगितलं. तिने तिचा लॅबमधला अनुभव सांगितला. सुईला आपण मुळीच घाबरत नाही असं सांगणारी माणसं हमखास चक्कर येऊन पडतात. भीती वाटते म्हणणारी नीट बसून राहतात. हा मुद्दा मला विषयाला सोडून वाटला. मी तिला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

सेवाबाईंची जमेची बाजू उघड होती. त्या दर बुधवारी मुलांबरोबर असायच्या. मी सत्रातून एकदा जायचो, तेही फोटोपुरता. तेव्हा मुलाखतीच्या आधीच्या बुधवारी मी ठरवलं की आपणही कुठेतरी जाऊन यावं, म्हणजे 'मी स्वतः प्रत्यक्ष पाहतो' असं वाक्य बोलायला मोकळे. कुठे जावं, याचा मी फार निःस्वार्थपणे विचार केला आणि म्यूट जिथे काम करायची तिथे गेलो. ती समितीत होती हा निव्वळ योगायोग.

ती इस्पितळाच्या वाचा-उपचार विभागात जायची. अर्धांगवायूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेलेली असते त्यांना तिथे परत बोलायला शिकवतात. छोटीशी खोली, एक टेबल, भिंतीवर आरसा, टेबलावर चित्रांचे पत्ते. उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई एका आजीबाईंना घेऊन आरशासमोर बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला म्यूट होती आणि तिच्यासमोर एक दांडगे गृहस्थ. ते पूर्वी बस चालवायचे, म्हणून त्यांना तिथे सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. तिने एक पत्ता उचलून धरला होता आणि काका त्याच्याकडे बघत "च... च..." करत होते. पत्त्याची पाठ माझ्याकडे होती.

मी दारातच उभा होतो. मला ते बघवेना. एवढा धिप्पाड माणूस एका अक्षरावर अडकलाय, घाम फुटलाय, आणि ही मुलगी नुसती बघत बसली आहे. "चहा?" मी म्हणालो. काकांनी मान हलवली, नाही. "चमचा? चप्पल?" काकांचा चेहरा लाल झाला. मी "चावी" म्हणेपर्यंत डॉक्टरीणबाई उठून माझ्यापाशी आल्या होत्या. त्यांनी मला अतिशय गोड आवाजात विचारलं की इस्पितळाची बाग बघितलीत का. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, बघा.

बागेत बघण्यासारखं काही नव्हतं. एक बाक होता, त्यावर बसलो. विभागाची खिडकी उघडी होती. पुष्कळ वेळाने आतून काकांचा आवाज आला, "चष्मा."  मग परत, या वेळी बराच मोठ्याने, "चष्मा!" आणि म्यूट हसली. ती हसते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला राग आला. चष्म्यापर्यंत मीही पोचलोच असतो की.

मुलाखत शाळेच्या वाचनालयात होती. सेवाबाई माझ्या आधी आत गेल्या. निवाऱ्यातून थेट आल्या होत्या, ओढणीवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता. मी मनात म्हटलं, बाईंचा पहिला गुण गेला. मी इस्त्री केलेला सदरा घातला होता. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "जा, काही नाही, गप्पाच मारतात." मुलाखतीला गप्पा म्हणणाऱ्या बाईंबद्दल मला जरा दयाच आली.

टेबलाच्या पलीकडे चौघं होते. मुख्याध्यापिका, औषधाचं दुकान असलेले एक विश्वस्त, वकील आणि म्यूट. वकिलाने टाय लावला होता. मीच शिकवली होती ती गाठ.

सुरुवात छान झाली. मुख्याध्यापिकांनी विभागाचं उद्दिष्ट विचारलं, मी सांगितलं. विश्वस्तांनी माझ्या बलस्थानाविषयी विचारलं, मी ते नम्रपणे सांगितलं, म्हणजे बराच वेळ सांगितलं. 'मी स्वतः प्रत्यक्ष पाहतो' हेही वाक्य घालून टाकलं. म्यूटने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत खाली बघितलं. मग वकिलाने खुर्ची पुढे ओढली.

"सर, तुमची एक उणीव सांगा."

हा प्रश्न माझ्या हातचा मळ. मी आधी जरासा थांबलो, कारण इथे थांबायचं असतं. मग हलकंसं हसलो. "खरं सांगायचं तर," मी म्हणालो, "प्रत्येक काम अगदी परिपूर्ण व्हावं असा माझा हट्ट असतो."

वकिलाचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं तो लिहिता लिहिता पुटपुटतोय. पण त्याच्या हातात पेन नव्हतं.

"त्यामुळे कधीकधी मला वेळ जास्त लागतो," मी म्हणालो, आणि वकील माझ्याबरोबर म्हणाला. त्याच सुरात, त्याच ठिकाणी श्वास घेऊन. मी थांबायला हवं होतं. पण वर्षानुवर्षं ज्या वाक्यावरून जीभ घसरत आली, ती मधेच थांबत नाही. "पण आता मी," मी म्हणालो.

"वेळेचं नियोजन शिकतो आहे," असं विश्वस्तांनी पुरं केलं. त्यांची नात आमच्या शाळेत होती. तिने घरी महिनाभर आरशासमोर हेच म्हटलं होतं, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. मुख्याध्यापिकांनी रुमाल तोंडाला लावला. आधी वकील हसला, मग सगळेच, आणि सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळावा म्हणून मीही हसलो. हसता हसता मला कळलं की माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. शोधलं, पण नव्हतंच. मी सगळ्या मुलांना एकच दिलं होतं आणि स्वतःसाठीही तेच ठेवलं होतं.

हसू ओसरल्यावर मुख्याध्यापिकांनी म्यूटला विचारलं की तिला काही विचारायचं आहे का. ती नेहमीप्रमाणे गप्प राहिली. विश्वस्तांनी घड्याळ बघितलं. वकील तिच्या वतीने काहीतरी विचारायला निघाला, तेवढ्यात तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"सर, मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले होते तेव्हा," ती म्हणाली आणि थांबली. "तुम्ही विचारलं, तुला काय व्हायचंय. मी म्हटलं, 'मला'. तुम्ही म्हणालात, 'नर्स व्हायचंय, छान.' मी पुढे काय म्हणणार होते?"

मला तो दिवस मुळीच आठवत नव्हता. अशी मुलं रोज येतात. पण तसंच झालं असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शांत मुलगी, इस्पितळात सेवा, म्हणजे नर्स. हा हिशेब मी डोळे मिटून करतो. गणित माझ्याकडून काढून घेतलं होतं, तरी मी ते पुन्हा एकदा चुकवलं होतं.

माझ्या तोंडात उत्तरं गोळा व्हायला लागली. डॉक्टर, शिक्षिका, समाजसेविका. चहा, चमचा, चप्पल. मी तोंड उघडलं आणि मिटलं. विश्वस्त म्हणाले, असू दे, पुढे जाऊ या. म्यूटने त्यांच्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थट्टाही नव्हती. तिला खरंच वेळ होता. माझ्यासाठी असं कुणी थांबलेलं मला आठवत नाही. कुणाला तशी संधी मी दिली असेन असंही वाटत नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.  "मला... कुणी गप्प बसलं की भीती वाटते. वाटतं, माझंच काहीतरी चुकलंय. म्हणून मी मधे बोलतो. सगळ्यांच्याच. ती खोली गेली तर मी काय करीन हेही मला माहीत नाही."

एवढंच. यात ना बलस्थान होतं, ना नियोजन. मुलांपैकी कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी लाल पेनने काट मारली असती. मुख्याध्यापिकांनी आभार मानले आणि मी उठलो. उठताना पाहिलं, माझा उजवा पाय केव्हापासून हलत होता कोण जाणे.

निकाल त्याच दिवशी संध्याकाळी कळला. विभागप्रमुख सेवाबाई. मला त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून ठेवलं होतं, सध्या वर्षभरासाठी, नववीचं गणित टळलं होतं. ही सेवाबाईंचीच अट होती म्हणे. त्यांनी मला सांगितलं की खोली तीच राहील, टेबल मात्र दोन लागतील, आणि बुधवारी सकाळी बूट घालून या, चपला नकोत, कुत्री पळवतात. मी हो म्हटलं. वाईट वाटलं का? वाटलं. बरंच वाटलं. ज्यांची दया आली होती त्यांच्या दयेवर राहणं सोपं नसतं. नववीतून सुटलो म्हणून हायसं वाटलं ते वेगळं.

शाळा सुटली होती. मी दुसऱ्या टेबलासाठी कपाट सरकवत होतो तेव्हा म्यूट दारात आली. बस, म्हटलं. ती उतरत्या छताखाली बसली.

"माझं मत सेवाबाईंना होतं," ती म्हणाली.

मला 'अगं बरोबरच आहे, त्यात काय' असं म्हणायचं होतं, म्हणजे तिलाही बरं वाटलं असतं आणि विषय संपला असता. मी कपाटाला टेकून उभा राहिलो आणि गप्प बसलो. मला ते किती जड गेलं हे त्या कपाटाला विचारा.

"तुम्ही सांगता ते चुकीचं नसतं," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "पण ते विचारायच्या आधी सांगता."

मी मान हलवली. मग तिला विचारलं की त्या दिवशी ती खरंच काय म्हणणार होती.

"त्या दिवशी?" तिने आठवलं. "मला बाथरूमला जायचं होतं, सर. जाऊ का, असं विचारणार होते."

आणि मी त्यावरून तिला नर्सिंग कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन उभं केलं होतं. मला हसू आवरेना, तीही हसली, मला रडूही येत होतं. डोळे पुसून झाल्यावर मी तिला विचारलं की त्या कॉलेजच्या मुलाखतीला ती जाणार आहे का. नाही म्हणाली. घरी सांगितलंय, आई चिडून बोलत नाहीये, पण बोलेल.

"मग आता," मी म्हणालो, "तुला काय करायचंय?"

ती विचार करत बसली. तेवढ्या वेळात मी कितीतरी शब्द गिळले. वाचा-उपचार, मानसशास्त्र, समुपदेशन, त्याच्या प्रवेशपरीक्षा, शेवटच्या तारखा, सगळं जिभेच्या टोकावर होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"मला तुमचं काम करायचंय, सर," ती म्हणाली. "फक्त जरा कमी बोलून."

यावर माझ्याकडे तीन सूचना तयार होत्या. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि ती अजून काही बोलते का याची वाट बघितली.